किरकोळ

अंबडच्या कंपनीनं ओव्हरटाइम बंद केला,
त्या रात्री मी घराचा हिशेब हातात घेतला.
शैलानं काही न बोलता डायरी पुढे केली,
लोढा किराणावाल्यानं दिवाळीला वाटलेली,
सुतळीनं पेन बांधलेली.
"जपून," एवढंच म्हणाली, "मार्चच्या पानाला तेल लागलंय."

मी क्वालिटीत आहे.
सतरा वर्षं मायक्रोमीटर लावून
पार्ट पास-नापास करतोय,
घर ते काय मोठं?
लाल पेन घेतला.

शेंगदाणा तेल : नापास. सोयाबीन चालेल.
केबल : नापास.
दूध दीड लिटर : एक.
गीझर पहाटे दहा मिनिटं,
तोही निफाडचा पारा पाचावर आल्याची बातमी आली तरच.
रिक्षा नाही. त्रिमूर्ती चौकातून बस आहे,
बस नसली तर पाय आहेत.
दारावरची भाजी बंद. बुधवारी गोदाघाट.

बुधवारी गेलो, बाजार उठायच्या वेळेला,
मेथीच्या जुड्या दहाला तीन होतात तेव्हा.
पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत
घरी पोचलो नऊला, तीस रुपये वाचवून.
शैला निवडायला बसली.
परातीत मूठभर पानं, पेपरावर काड्यांचा ढीग.
"काड्या कुठल्या खात्यात लिहू?"

माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला.
दिवसभर करकरीत गड्ड्यांमध्ये उभे राहायचे,
सुटताना गेटवर डबा उघडून दाखवायचे, खिसे उलटे करायचे,
आणि घरी येऊन आईकडे
तंबाखूला आठ आणे मागायचे.
ती द्यायची. आज किती छापले, असं
तिनं कधी विचारलं नाही.

डायरीत दर महिन्याच्या शेवटी एकच ओळ,
नाव नाही, गाव नाही : किरकोळ.
जानेवारी पाचशे. फेब्रुवारी चारशे.
मार्च चारशे, एप्रिल चारशे.
मे पुन्हा पाचशे.
आमच्याकडे असं काही सापडलं
तर ऑडिटर चहा अर्धा ठेवून उठतो.
मी पट्टी लावून ओळ खोडली.
शैला भांडी घासत होती,
नळाची धार बारीक करून,
तेही मीच सांगितलेलं.
"खोडलं? बरं झालं," म्हणाली.

सोमवारी गेटबाहेर खैरनार म्हणाला, चल, चहा.
शर्टाच्या खिशात बोटं घातली.
खिसा रिकामा.
सोमवारी तिथं नोट असतेच,
इस्त्रीच्या घडीसारखी, न मागता.
आधी दहाची असायची, मग पन्नासची,
हल्ली शंभराची.
मला वाटायचं, गेल्या आठवड्यातली उरलीय माझीच.
किती काटकसरी माणूस आहे मी, असंही वाटायचं.

खैरनारला सांगितलं, पोट बिघडलंय.

घरी आल्यावर चप्पल न काढता
भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटत गेलो.
जानेवारीत सोमवार पाच.
फेब्रुवारीत चार.
मार्च, एप्रिल चार.
मेमध्ये बोट ठेवून मोजले, दोनदा मोजले.

आमच्या कंपनीत नियम आहे :
लाल खूण झालेला पार्ट
ज्यानं नापास केला त्याला पास करता येत नाही,
दुसऱ्याची सही लागते.
डायरी घेऊन ओट्यापाशी गेलो.
म्हटलं, इथं जरा सही कर.
तिनं ओळ पाहिली, माझ्याकडे पाहिलं,
ओले हात पदराला पुसले,
पेन मात्र घेतला नाही.

"आधी तेलाचं बोला," म्हणाली,
"सोयाबीनमधल्या साबुदाण्याला
वास येतो."